दोष आढळला नाही

६ सप्टेंबर, मंगळवार

तेहतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून निवृत्तीच्या दिवशी खात्यानं मला एक घड्याळ दिलं. एक तपासणीवही मी स्वतः मागून घेतली. घड्याळ चौथ्या महिन्यात बंद पडलं. वही मात्र उत्तम आहे, जाड कागदाची, दोष, कारण, उपाय असे तीन रकाने आखलेली. पुढून ती वापरलेली आहे, माझ्याच अक्षरात, म्हणून उलटी धरून मागून सुरुवात करतोय. वीसेक पानं कोरी आहेत. तेवढी पुरतील, कारण मी पाल्हाळ लावणारा माणूस नाही.

काम असं: जुन्या आठ-बिट अटारीची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या घरगुती संगणकाची, मेमरी चौपट करून देणे. मूळच्या आठ चिपा काढायच्या, तिथं आठ सॉकेट सोल्डर करायची, सॉकेटात मोठ्या आठ चिपा दाबून बसवायच्या आणि शेजारी मी आखलेला आगपेटीएवढा बोर्ड. चाळीस वर्षांच्या मशीनला चौपट मेमरी कशाला, असं पुष्कळ लोक विचारतात. त्यांच्याशी मी बोलत नाही.

आम्हा बागवाल्यांच्या संघाच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावली होती. ती वाचून आज पहिलं गिऱ्हाईक आलं. उर्शुलाबाई, नदीकडच्या बागेत आलुबुखारची झाडं असलेल्या त्या. अटारी उशीच्या अभ्र्यात घालून आणली होती. पडदा काळा.

"हे याआधी कोणी उघडलंय?" मी विचारलं.

"माझ्या नवऱ्यानं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर कोणी नाही."

"चालवता कशाला?"

"मुरांब्याच्या बरण्यांची यादी आहे त्यात."

एक चिप खरंच मेली होती. मी आठही काढून सॉकेट बसवली. तीन तास लागले. बाई तेवढा वेळ शेजारी बसून बघत होत्या. मी चहा केला नाही, कारण हात गुंतले होते. शेवटी त्यांनी स्वतःच उठून केला. साखर कुठंय ते न विचारता सापडली.

"म्हणजे या चिपा आता हातानंसुद्धा निघतात?" त्यांनी विचारलं.

"कुणालाही काढता येतील. तेच तर सॉकेटचं सुख."

"बरं," त्या म्हणाल्या. आपण बावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात होतो, असंही म्हणाल्या. बहुतेक पॅकिंगला असतील.

यादी उघडून पाहिली. शेवटची नोंद १९९३ सालची. मी म्हटलं, आता यात चाळीस हजार बरण्या मावतील. त्या म्हणाल्या, माझ्याकडे अकरा आहेत. मी म्हटलं, मग पुढची काळजी मिटली.


१३ सप्टेंबर, मंगळवार

उर्शुलाबाई परत. पडदा काळा. दोष: पहिली चिप सॉकेटातून एका बाजूनं उचलली गेलेली. उपाय: अंगठ्यानं दाबली.

कारण सरळ आहे. मशीन तापतं, निवतं, परत तापतं. धातू पसरतो, आक्रसतो, आणि चिप केसाकेसानं वर सरकते. आमच्यात याला 'चिप चालणे' म्हणतात. बाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मग ही परत चालेल का?"

मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही.

चक्क्याचा केक आणला होता. मनुका थोड्या जास्त होत्या, बाकी दोष नाही.


१६ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरी चिप.

दाबायला दोन मिनिटं लागली. पण काम अर्धवट करायची मला सवय नाही, म्हणून दीड तास सगळं तपासलं. चहा दोनदा झाला. मी लिंबू आणून ठेवलं होतं, योगायोगानं.

बोलता बोलता लिफ्टच्या नोकरीचा विषय निघाला. मी त्यांना चौथ्या मजल्यावरच्या त्या म्हातारीची गोष्ट सांगितली, जी दर रविवारी लिफ्टमध्ये शिरून धोक्याची घंटा दाबायची. रविवारची पाळी माझी. मी सायकल मारत जायचो, लिफ्ट वर-खाली करून बघायचो, काही म्हणजे काही बिघडलेलं नसायचं. म्हातारी दारात उभी राहून म्हणायची, "आता आलाच आहात तर सूप घेता का?" मी वहीत 'दोष आढळला नाही' लिहायचो, तिची सही घ्यायचो आणि निघायचो. दोन वर्षं हा वैताग.

"सूप एकदाही नाही घेतलंत?" उर्शुलाबाईंनी विचारलं.

"कामावर असताना?"

त्यांनी केकचा आणखी एक तुकडा माझ्या बशीत ठेवला.


२० सप्टेंबर, मंगळवार

तिसरी चिप. जाताना दारात बाई म्हणाल्या, "या वयात 'बाई', 'साहेब' कशाला? नावानंच हाक मारू या ना एकमेकांना."

आमच्याकडे हे बाईनंच सुचवायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण दुरुस्तीचं काम चालू असताना व्यवहार व्यवहारासारखा असावा. म्हटलं, "वॉरंटी संपली की बघू."

"कधी संपते?"

"वर्षभरात."

त्या हसल्या. वॉरंटीत हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.


२३ सप्टेंबर, शुक्रवार

चौथी. एक गोष्ट लक्षात आली: चिपा क्रमानं उठताहेत. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. म्हणजे या मशीनमध्ये उष्णता डावीकडून उजवीकडे वाहते. हे आजवर कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इंटरनेटवर अटारीवाल्यांच्या कट्ट्यावर आकृतीसह टाकलं. उत्तरं आली, बरीचशी थट्टेची. लोकांना नवीन काही पटायला वेळ लागतो.


२७ सप्टेंबर, मंगळवार

पाचवी चिप सॉकेटात नव्हतीच. बाईंनी ती पर्समधून रुमालात गुंडाळलेली काढून दिली.

"कुठं मिळाली?"

"साखरेच्या डब्यात," त्या म्हणाल्या. चेहरा अगदी सरळ.

यावर विचार करावा लागेल. एक पायही वाकलेला नव्हता. आजवर पाच वेळा चिपा उठल्या, पण एकही पाय वाकला नाही, एकही उलटी बसली नाही. उलटी बसली असती तर जळली असती. बाईंचं नशीब चांगलं आहे.

चहा ढवळत बाई म्हणाल्या, "नॉर्बर्ट मागं लागलाय." नॉर्बर्ट म्हणजे त्यांचा मुलगा, श्चेचिनला असतो, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. "म्हणतो, इथलं घर विकून टाक आणि आमच्याकडे ये. एक नोव्हेंबरला बापाच्या कबरीवर दिवे लावायला येणार आहे. तेव्हा हो की नाही ते सांगायचंय. हो म्हटलं तर त्याच गाडीनं मला घेऊन जाणार."

"श्चेचिन लांब आहे," मी म्हटलं.

"आहेच. मला जायचं नाहीये. पण तो विचारतो, इथं तार्नूवमध्ये तुझं आहे कोण? तर मला उत्तर सुचत नाही." मग त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुम्हाला सुचतंय का काही?"

मी विचार केला. साडेसातशे किलोमीटर, त्यात शेवटचा रस्ता खराब. इतके धक्के बसले तर सॉकेटातली एकही चिप जागेवर राहायची नाही.

"सुचतंय," मी म्हटलं. "जरा वेळ द्या."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. काम करणाऱ्या माणसावर गिऱ्हाइकाचा असा विश्वास असला की हुरूप येतो.


१ ऑक्टोबर, शनिवार

काल सहावी. आज महिन्याचा पहिला शनिवार, म्हणून वाचनालयाच्या तळघरात आम्हा जुन्या मशीनवाल्यांची बैठक. सातजण होतो. लुद्विकला चिपांचं सांगितलं. लुद्विक रेल्वेत सिग्नलवर होता आणि त्याची जीभ अजून तिथल्यासारखीच चालते.

"सेवेरिन," तो म्हणाला, "चिप चालते हे मला मान्य. पण चिप चालून साखरेच्या डब्यात जाते, आणि जाताना मशीनचं झाकण लावून पाच स्क्रू पिळून जाते, हे तुला खटकत नाही?"

"स्क्रू आधीपासून पिळलेले होते."

"तेच म्हणतोय मी, बैला."

"कंपनं असतात. त्यांच्या घरावरून मालगाड्या जातात."

लुद्विकनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मंगळवार-शुक्रवारच का बिघडतं ते?"

"बुधवार-शनिवार मी बागेत असतो. ते त्यांना माहीत आहे."

त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे हसायला लागले. "मंगळवार-शुक्रवारी तू दाढी करतोस, हे तरी तुला माहीत आहे का?" लुद्विक म्हणाला. मी त्याला सांगितलं की आपली बैठक हार्डवेअरची आहे.


७ ऑक्टोबर, शुक्रवार

मंगळवारी सातवी होती, आज आठवी. रांग पूर्ण झाली. मी बाईंना म्हटलं, "मशीन चार दिवस ठेवून जा. असं करून देतो की परत इथं यायची पाळीच येणार नाही तुमच्यावर."

"मला त्रास होत नाही यायचा," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला नसेल होत. पण दोष म्हणजे दोष."


१० ऑक्टोबर, सोमवार

सॉकेट सगळी उपटली. आठही चिपा थेट बोर्डावर सोल्डर केल्या, एकशे अठ्ठावीस टाके. वरून लाखेचा थर. छोटा बोर्ड डिंकानं पक्का केला. झाकणाच्या आत धक्के झेलायला रबराच्या चकत्या लावल्या, खिडकीच्या पट्टीतून कापून. टेबलावरून दोनदा जमिनीवर टाकून पाहिलं. चालतंय.

माझी बायको योलान्ता गेली त्याला नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.


११ ऑक्टोबर, मंगळवार

मशीन दिलं. काय काय केलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे आता चिपा निघत नाहीत?"

"कापल्याशिवाय नाहीत. श्चेचिनला न्या, तिथून परत आणा, जिन्यावरून टाका. शंभर वर्षं बिघडणार नाही. माझा शब्द."

"शंभर वर्षं," बाई म्हणाल्या.

"किमान."

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. केक टेबलावर ठेवला. "हेच सुचलं होतं का तुम्हाला, त्या दिवशी?"

"हेच."

"छान आहे," त्या म्हणाल्या. कोटाचं बटण चुकीच्या काजात घातलं आणि तशाच गेल्या. चहा राहिला. अभ्राही इथंच राहिला, मशीन त्यांनी नुसतंच काखेत धरून नेलं. काम आवडून भारावल्या असाव्यात.


१४ ऑक्टोबर, शुक्रवार

उर्शुलाबाई: तक्रार नाही.

दाढी केली होती.


१८ ऑक्टोबर, मंगळवार

उर्शुलाबाई: तक्रार नाही. दुरुस्ती यशस्वी.

दुकानातून चक्क्याचा केक आणला. मनुका अजिबात नव्हत्या. अर्धा टाकला.

लुद्विकच्या मशीनचा बोर्ड करायला घेतला तर दोन टाके कच्चे पडले. माझ्या हातून कच्चा टाका पडत नाही. सोल्डरची तार जुनी झाली असणार.


१९ ऑक्टोबर, बुधवार

विक्रीनंतरची चौकशी म्हणून बाईंना फोन केला.

"मशीन चालतंय ना?"

"चालतंय."

"काही आवाज, वास, पडदा हलणं?"

"काही नाही. चांगलं काम केलंत तुम्ही."

मग कुणीच काही बोललं नाही. फोनच्या घड्याळात मी बघितलं, नऊ सेकंद. माझ्याकडे आणखी तांत्रिक प्रश्न नव्हते. "बरं मग," मी म्हटलं. "बरं मग," त्या म्हणाल्या.


२१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज संत उर्शुलेचा दिवस, म्हणजे बाईंचा नामदिवस, आमच्याकडे तो वाढदिवसासारखाच. सकाळीच लुद्विकचा फोन. "फुलं घे आणि जा. नामदिवसाला आमंत्रण लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मशीन व्यवस्थित चालू असताना गिऱ्हाइकाकडे जायचं म्हणजे वाहवा मागायला गेल्यासारखं होतं."

"सेवेरिन, तू गाढव आहेस."

"काही बिघाड असता तर गेलो असतो."

लुद्विकनं फोन आपटला. मी फुलांच्या दुकानापर्यंत गेलो होतो, पण तिथं रांग होती.


२३ ऑक्टोबर, रविवार

माझा नामदिवस. सहा पेले घासून ठेवले होते. बैठकीतले तिघं आले, सॉसेज आणि काकडीचं लोणचं खाल्लं, ट्रान्सफॉर्मरवर भांडले आणि गेले. लुद्विक जाताना म्हणाला, "ती आली नाही ना? कशी येईल? तू गेलास का?" मी म्हटलं, नव्हताच प्रश्न.

ते गेल्यावर कचरा टाकायला दार उघडलं तर कडीला पिशवी लटकत होती. आत आलुबुखारच्या मुरांब्याची बरणी. चिठ्ठी नाही. घंटाही वाजली नव्हती, किंवा आमच्या भांडणात ऐकू आली नसेल. झाकणावर बारीक अक्षरात आकडा होता: अकरापैकी एक.

शेजाऱ्यांपैकी कुणी तरी ठेवली असेल, असं लिहिणार होतो. पण शेजाऱ्यांची झाडं सफरचंदाची आहेत.


२७ ऑक्टोबर, गुरुवार

अटारीवाल्यांच्या कट्ट्यावरून तीन बोर्डांची मागणी आली. उत्तर दिलं नाही. मुरांबा चमच्यानं खातोय, पावाशिवाय.


३० ऑक्टोबर, रविवार

आज पान उलटलं तर पुढचं भरलेलं. कोरी पानं संपली. उलटी वही जुन्या नोंदींना येऊन भिडली. नवी वही आणायला हवी म्हणून ही मिटणार होतो, पण आधी सहज सुलटी धरून पाहिली. १९८८ साल. अक्षर माझंच, तेव्हा जास्त टोकदार होतं.

रविवार. चौथा मजला, धोक्याची घंटा. दोष आढळला नाही. खाली म्हातारीची सही, थरथरती.

रविवार. चौथा मजला, धोक्याची घंटा. दोष आढळला नाही.

रविवार. दोष आढळला नाही.

पानं उलटत गेलो. एकेका पानावर तीन-चार रविवार. प्रत्येक सही आधीच्यापेक्षा थोडी मोठी, थोडी वाकडी. आणि शेवटी ही नोंद, सहीशिवाय:

'चौथा मजला. चार आठवडे घंटा नाही. तक्रार नाही. दुरुस्ती यशस्वी.'

काय दुरुस्त केलं होतं मी? काहीच केलं नव्हतं. कुणाला विचारलंही नव्हतं की म्हातारी आहे कुठं. नंतर कधी तरी पोस्टमननं सांगितलं होतं, तिला मुलीनं क्राकूवला नेलं आणि तिथं ती वर्षभरसुद्धा टिकली नाही. मी 'अरेरे' म्हटलं असेन. तेही आठवत नाही.

मग वही परत उलटी करून अठरा तारखेची नोंद वाचली. तेच शब्द आहेत. चौतीस वर्षांनी तेच चार शब्द, त्याच क्रमानं. मला बसवेना. खूप लाज वाटली, इतकी की लिहितानाही कान तापलेत. एकशे अठ्ठावीस टाके, वर लाखेचा थर, वर शंभर वर्षांचा शब्द. एका बाईनं आठ वेळा घंटा दाबली आणि मी घंटाच उपटून टाकली.

परवा एक नोव्हेंबर.

पानाच्या समासात लिहितोय. जागा संपली.


३१ ऑक्टोबर, सोमवार (साधी शाळेची वही, रकाने मी आखले)

सकाळी माझी स्वतःची अटारी उघडली. तिच्यात अजून सॉकेट आहेत. पाचवी चिप चिमट्यानं काढली, कोटाच्या खिशात टाकली, झाकण लावलं, पाच स्क्रू पिळले. मशीन त्यांच्या अभ्र्यात घातलं आणि निघालो. फुलांच्या दुकानात आजही रांग होती, उद्या कबरींवर ठेवायच्या शेवंतीसाठी. उभा राहिलो. घरासाठी म्हणून गुलाब मागितले तर फुलवाली म्हणाली, सबंध रांगेत तुम्हीच एक.

उर्शुलाबाईंच्या दारात सूटकेस उघडी पडलेली. आत हिवाळ्याचे कपडे घड्या घालून ठेवलेले. त्यांचं मशीन सूटकेसमध्ये नव्हतं. ते खिडकीखाली जमिनीवर होतं आणि त्याच्यावर कुंडी.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"बिघडलंय."

"कधीपासून?"

"अकरा ऑक्टोबरपासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फुलांकडे, मग अभ्र्याकडे. आत गेल्या. मी मागोमाग. स्वयंपाकघराचा खण उघडला. चमच्यांच्या शेजारी, ओळीनं, बारीक पेचकस, सोल्डरची लेखणी आणि चिप उपटायचा चिमटा. चिमट्याची टोकं वापरून गुळगुळीत झाली होती. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

माझ्या मशीनचे पाच स्क्रू मिनिटाभरात निघाले. मला तीन मिनिटं लागतात.

"पाचवी नाहीये."

"चालत गेली असेल," मी म्हटलं.

"लांब जातात हो," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला. "द्या इकडे."

खिशातून काढून दिली. चिपेला थोडा तंबाखू लागला होता, तो त्यांनी फुंकला. चिप बसवली, एकाच दाबात, आठही पाय दोन्ही बाजूंना सारखे. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्या छोट्या बोर्डाकडे वाकल्या.

"हा टाका कुणी घातला?"

"मी."

"कच्चा आहे. हाही. बावीस वर्षांत असा टाका माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही. चाळीस मुलींचे टाके मी तपासायचे." लेखणी तापत ठेवली आणि तीन टाके परत दिले. मी नुसता बघत बसलो. इतका स्वच्छ टाका मी कुठं पाहिलेला नाही.

"मला वाटलं, तुम्ही पॅकिंगला होतात."

"माहीत आहे मला, तुम्हाला काय वाटलं ते."

मशीन चालू केलं. निळा पडदा आला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो, त्यात बघण्यासारखं काही नसतं तरी.

"झालं," त्या म्हणाल्या. "आणखी काही?"

मी सगळं पाठ करून आलो होतो, म्हातारीचं, वहीचं, सुपाचं. त्यातलं एवढंच बाहेर आलं: "मंगळवारी परत बिघडेल असं वाटतंय. शुक्रवारीही. मशीन चांगलं आहे, पण माणूस फार... तुम्ही जायला नको, असं मला वाटतं, उर्शुलाबाई."

त्यांनी लेखणी स्टँडवर ठेवली. शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण काढलं. मग म्हणाल्या, "सूप आहे. बिटाचं. आता आलाच आहात तर..."

"घेतो," मी म्हटलं. वाक्य पुरं व्हायच्या आत.


१ नोव्हेंबर, मंगळवार

स्मशानात सगळं तार्नूव लोटलेलं. योलान्ताच्या कबरीवर चार दिवे लावले आणि तिला सगळं सांगितलं. ती बहुतेक म्हणाली असती, इतके दिवस लागले?

उर्शुलाबाईंच्या नवऱ्याची कबर नवव्या रांगेत. तिथं गेलो. नॉर्बर्ट उंच आहे, मोबाइलवर रस्ता बघत होता. "आई, चार वाजता निघू या, म्हणजे अंधार व्हायच्या आत अर्धा रस्ता होईल."

"मी येत नाहीये," बाई म्हणाल्या.

"परवा तर हो म्हणालीस!"

"परवा काम नव्हतं. आता एक दुरुस्तीचं काम आलंय. मशीन जुनं आहे, माणूस हट्टी आहे. वेळ लागेल."

"किती वेळ?"

"शंभर वर्षं. किमान."

नॉर्बर्टनं माझ्याकडे पाहिलं. मी टोपी काढली. मशीन १९८४ सालचं आहे, म्हणजे इतकंही जुनं नाही, हे सांगणार होतो. पण बाईंनी माझ्या हातात काड्यापेटी दिली आणि म्हणाल्या, "तो डावीकडचा विझलाय, लाव जरा." लावला.


८ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन: माझं. तपासणी: उर्शुला.

दोष: आढळला नाही.

कारण: दोघांनाही माहीत आहे.

उपाय: चार तास थांबलो. शुक्रवारी परत दाखवायला सांगितलंय.